जन्माची चूक, मोठेपणी दुरुस्ती

तिशी-पस्तिशीतली बाई. जिना चढला की धाप लागते, छातीत धडधडतं. घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा असेल, टॉनिक घे.’ डॉक्टर तपासतात तेव्हा हृदयाच्या ठोक्याबरोबर वेगळाच आवाज ऐकू येतो. झडप गळतेय म्हटलं की आपल्याकडे आधी लहानपणीच्या सांधेज्वराची शंका येते. पण क्वचित मूळ दुखणं वेगळंच निघतं.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही करोनरी वाहिन्या महारोहिणीतून निघतात. साधारण ३ लाख बाळांमागे एखाद्यात डावी वाहिनी मात्र फुप्फुसाकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिणीतून फुटते. ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या अमेरिकन डॉक्टरांनी १९३३ साली या दोषाचं वर्णन केलं. जन्मानंतर फुप्फुसांतला दाब उतरतो आणि हृदयाच्या डाव्या बाजूची उपासमार सुरू होते. दूध पितानाही बाळ घामाघूम होतं. उपचारांविना १०० पैकी सुमारे ९० बाळं वर्षाच्या आत दगावतात.

मग वाचतात ती कशी? त्यांची उजवी वाहिनी मोठी होते, नवे फाटे काढून डावीला रक्त पोचवते. पण यातलं बरंचसं रक्त स्नायूला मिळण्याआधीच फुप्फुसाच्या रोहिणीत निसटतं. हौद भरत राहावा आणि खालची तोटी उघडी असावी, तसंच हे! हळूहळू स्नायू थकतो, झडप गळू लागते. काहींना फारसा त्रास नसतो, तरी अचानक मृत्यूचा धोका असतोच. म्हणूनच ‘इतकी वर्षं निभावलं, आता कशाला ऑपरेशन?’ हा हिशेब चुकीचा ठरतो.

इकोत शंका आली की सी.टी. अँजिओग्राफीत वाहिनीचा उगम स्पष्ट दिसतो. शक्य असल्यास सर्जन ती वाहिनी मूळ जागेवरून सोडवून महारोहिणीला जोडतात. मोठ्यांमध्ये ती तेवढी ताणली जात नाही. अशा वेळी फुप्फुसाच्या रोहिणीच्या आतून बोगदा काढून रक्त वळवता येतं. जपानच्या ताकेउची यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. किंवा चुकीचं तोंड बंद करून छातीतल्या धमनीने बायपास करतात. नुसतं तोंड बांधलं तर गळती थांबते, पण सारं हृदय एकाच वाहिनीच्या भरवशावर राहतं. झडप फार गळत असेल तर तीही त्याच वेळी दुरुस्त करतात.

रक्तपुरवठा सुधारला की थकलेला स्नायू पुष्कळदा उभारी धरतो. नियमित तपासणी मात्र जन्मभर हवी. तेव्हा तरुणपणी लागणारी धाप ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. एकदा इको जरूर करून घ्या!