संत्र्यावरची फळमाशी आणि नराचे अत्तर

अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी, अचलपूर आणि चांदूर बाजार या तालुक्यांत आंबिया बहाराचा संत्रा रंगावर येऊ लागला, की फळमाशीचाही उपद्रव वाढतो. मादी माशी सुईसारख्या अंडनलिकेने सालीला छिद्र पाडून आत अंडी घालते, त्यांतून निघालेल्या अळ्या गर खातात, छिद्राभोवतीचा भाग सडून फळ गळते आणि पूर्ण वाढलेल्या अळ्या जमिनीत शिरून कोषावस्थेत जातात. अळी सालीआड असल्याने फवारणी तिच्यापर्यंत सहसा पोचत नाही. म्हणूनच या किडीच्या बाबतीत तिच्या समागमावर नेम धरणारे उपाय महत्त्वाचे ठरले.

बागेत टांगलेल्या सापळ्याला शेतकरी सरसकट ‘कामगंध सापळा’ म्हणतात. अकोल्याकडील कपाशीत हे नाव अगदी योग्य आहे, कारण गुलाबी बोंडअळीची मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्याचीच कृत्रिम प्रतिकृती तेथे वापरली जाते. संत्र्यावरील फळमाशीसाठी वापरले जाणारे मिथाइल युजेनॉल मात्र मादीचा गंध नव्हे, तर तुळशीसह अनेक वनस्पतींत आढळणारे एक सुगंधी द्रव्य आहे. ते या फळमाशीच्या वंशातील नर माश्यांना खेचून घेते, हे बिहारमधील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट यांनी १९१५ मध्ये दाखवून दिले.

नराला या द्रव्याची एवढी ओढ का असावी, याचा उलगडा पुढे मलेशियातील केंग हाँग टॅन आणि जपानमधील रित्सुओ निशिदा यांच्या अभ्यासातून झाला. नर ते चाटतो, शरीरात त्याचे रूपांतर करून गुदाजवळच्या ग्रंथीत साठवतो आणि समागमाच्या वेळी, म्हणजे संध्याकाळच्या संधिप्रकाशात, तोच गंध हवेत सोडतो. असा गंध असलेल्या नराला माद्या अधिक पसंत करतात. म्हणजे हा सापळा नवरीचा खोटा निरोप देत नाही, तर नवरदेवाला अत्तराच्या दुकानात बोलावून तेथेच संपवतो.

यातच या उपायाची मर्यादाही दडलेली आहे. एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकत असल्याने निम्मे नर मारूनही अंड्यांची संख्या फारशी घटत नाही; जवळजवळ सगळेच नर नाहीसे व्हावे लागतात. प्रशांत महासागरातील रोटा बेटावर १९६० च्या दशकात ते साधले, कारण चहूबाजूंनी समुद्र होता. वरूडच्या बागेभोवती मात्र शेजाऱ्याचीच बाग असते आणि तेथून समागम झालेली मादी धुरा ओलांडून सहज येते, त्यामुळे एकट्या बागायतदाराचे सापळे, कितीही भरले तरी, अपुरेच पडतात.

समागमावर नेम धरणारा दुसरा उपाय म्हणजे वंध्य नर सोडण्याची पद्धत, आणि संप्रेरकांचा प्रश्न येतो तो तेथे. किरणोत्साराने वंध्य केलेले लाखो नर सोडले, की त्यांच्याशी समागम झालेल्या माद्यांची अंडी उबतच नाहीत. जपानच्या ओकिनावात काकडीवर्गीय फळांवरील माशीचे १९९३ पर्यंत याच मार्गाने उच्चाटन झाले. परंतु कोषातून निघालेला नर समागमक्षम होईपर्यंत कित्येक दिवस जातात आणि तेवढ्यात पुष्कळ नर पक्ष्यांच्या, कोळ्यांच्या तोंडी पडतात. कीटकाच्या शरीरातील बालसंप्रेरक अळीच्या अवस्थेत तिला प्रौढ होण्यापासून रोखते, पण प्रौढ माशीत मात्र तेच समागमाची तयारी घडवते. फ्लोरिडातील पीटर टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यासारखेच काम करणारे मेथोप्रीन हे द्रव्य कॅरिबियन फळमाशीच्या नरांना दिले, तेव्हा ते लवकर समागमक्षम झाले आणि जोडीला प्रथिनयुक्त खाद्य मिळाल्यावर समागमातही सरस ठरले. सर्वच जातींत हा परिणाम दिसत नाही, त्यामुळे हे रसायन सगळ्या फळमाश्यांवरचा उतारा मानणे चुकीचे ठरेल. संत्र्यावरील जातीच्या वंध्य नरांना सोडण्यापूर्वी मिथाइल युजेनॉल खाऊ घालणे अधिक आशादायक वाटते, कारण त्याने ते माद्यांना अधिक भावतात आणि एकदा चाखल्यावर सापळ्याकडे कमी वळतात.

वऱ्हाडातील बागायतदाराच्या हाताशी असलेले साधन मात्र सापळाच आहे, आणि त्यात पडणाऱ्या माश्या जवळजवळ सगळ्या नर असतात. अंडी घालणारी पुढची मादी झाडाखाली सडणाऱ्या फळातील अळीपासून तयार होते. तेव्हा सापळे फळ रंगावर येण्यापूर्वीच आणि शेजारच्या बागांसह एकाच वेळी लावावेत, आणि गळलेली फळे रोजच्या रोज वेचून खोल खड्ड्यात पुरावीत.