अस्थिमज्जारोपण : हाड नव्हे, जिवंत पेशी

थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याच्या हाडांतला मगज, म्हणजेच अस्थिमज्जा, चांगल्या तांबड्या पेशी बनवू शकत नाही. शिवाय बाहेरच्या रक्तातील लोह यकृतात, हृदयात साठत जाते. ते काढण्याची औषधे वेगळी. अशा मुलाचे आईवडील ‘बोन मॅरो’चे नाव ऐकून येतात, आणि पहिला प्रश्न हमखास असतो, ‘डॉक्टरसाहेब, भावाचे हाड कापून याला बसवणार का?’

हाड कापत नाहीत. दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मगज ओढून घेतात. काही दिवस कंबर दुखते, आणि काही आठवड्यांत मगज पुन्हा भरून येतो. रुग्णाचा मगज मात्र आधी तीव्र औषधांनी नष्ट करावा लागतो. मग दात्याच्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. त्या आपणहून हाडांत जाऊन वस्ती करतात! नवे रक्त बनू लागायला दोन ते चार आठवडे जातात. हाच काळ जिकिरीचा, कारण प्रतिकारशक्ती नसल्याने साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. कधी दात्याच्या पेशीच रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटतात. म्हणून लोह साठून यकृत बिघडण्याआधी, लहान वयातच निर्णय व्हावा. भारतात पहिले रोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली झाले.

रक्तगट जुळलाच पाहिजे असे नाही. (पुढे रुग्णाचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो, याचे लोकांना फार नवल वाटते.) जुळावा लागतो तो एचएलए. सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

‘बाळाच्या नाळेतील रक्त साठवा’ अशा जाहिरातींना भुलण्यापूर्वी एक ध्यानात घ्या. थॅलेसेमियाच्या बाळाच्या नाळेतही तोच दोष असतो. त्याचे रक्त त्याला उपयोगी नाही. निरोगी भावंडाचे, जुळणारे असेल तरच कामाचे. गुडघेदुखी, मधुमेह, स्वमग्नता यांवर ‘स्टेमसेल’ची इंजेक्शने विकणारेही आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्तविकारांखेरीज अशा उपचारांना मान्यता नाही. त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर दोघांची हिमोग्लोबिन ए-टू तपासणीही करावी. दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्यापासून करता येते.