सहीआधी शब्दाचं शेपूट बघा

आज एक लांबलचक शब्द शेंगेसारखा सोलून बघू. दवाखान्याच्या कागदावर तो इंग्रजीत असतो आणि खाली आपली सही किंवा अंगठा घेतात. शब्द आहे हिस्टेरेक्टॉमी.

सावकाश म्हणा: हिस्, टे, रेक्, टॉ, मी. पाच तुकडे, जोर 'रेक्'वर. दोन-तीनदा म्हटला की जिभेवर बसतो.

आता अर्थ. शब्द मूळ ग्रीक भाषेतला. पुढचा भाग 'हिस्टेर' म्हणजे गर्भपिशवी. मागचा 'एक्टॉमी' म्हणजे कापून बाहेर काढणं. म्हणजे गर्भपिशवी काढून टाकणं. अपेंडिक्स काढतात ती अपेंडिसेक्टॉमी. शेपूट तेच.

हे शेपूट फार महत्त्वाचं, बरं का. हिस्टेरोस्कोपी हा शब्द कानाला सारखाच वाटतो, पण 'स्कोपी' म्हणजे आत बघणं. बारीक दुर्बीण घालून पिशवी आतून तपासतात, पिशवी जागेवरच राहते.

शब्दाचं डोकंही बघा. ट्युबेक्टॉमी ही नळ्यांची, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. तिच्यानंतर पाळी चालूच राहते. ऊफोरेक्टॉमी म्हणजे अंडाशय काढणं. पाळी जाण्याच्या वयाआधीच दोन्ही अंडाशयं काढली, तर अंगातून गरम वाफा येणं, हाडं ठिसूळ होणं लवकर सुरू होऊ शकतं. कधी हिस्टेरेक्टॉमीसोबत हा शब्दही कागदावर असतो.

हे कशाला सांगते? आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याचं उदाहरण घ्या. २०१९ साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. आपल्या पाथर्डी, शेवगावच्या बायाही कोयता घेऊन तोडीला जातात.

कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव थांबतच नसेल, तर ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. तिला घाबरू नका. पण नुसतं अंगावरून पांढरं जातं किंवा कंबर दुखते म्हणून कुणी "पिशवी काढा" म्हणालं, तर विचारा:

पिशवीला नेमकं काय झालंय? गोळ्या-औषधांनी भागेल का? अंडाशय ठेवणार की काढणार?

रिपोर्ट मागून घ्या आणि ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. सोबत आशाताईला किंवा गटातल्या एखादीला न्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हे चार शब्द वहीत लिहा, मोठ्याने म्हणा. एकदा काढलेली पिशवी परत बसवता येत नाही. सही मात्र दोन दिवस थांबवून, नीट विचारून करता येते.