दुकान छोटे म्हणून फॉर्म चारच, असे नाही

आपल्या व्यापारी बांधवांत एक समज पक्का आहे. अमरावतीच्या बिझिलँडमधील ठोक व्यापारी असो की अकोल्याच्या जुन्या कापड बाजारातील किरकोळ दुकानदार, वकील साहेबांना तो एवढेच सांगतो, "आठ टक्के दाखवा, चार नंबर भरून टाका." पण आयकराचा फॉर्म वर्षभरात पैसा कोणकोणत्या वाटेने आला, यावर ठरतो.

(इथली माहिती १९६१ च्या कायद्याप्रमाणे, ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईची आहे. त्यापुढील कमाईस २०२५ चा नवा कायदा लागू.)

फॉर्म एक आणि दोन धंदेवाल्यांचे नव्हेत. आपला प्रश्न चार की तीन, एवढाच.

फॉर्म चार, म्हणजे 'सुगम', कलम ४४ एडीखाली अंदाजे नफा दाखवणाऱ्यांचा. उलाढाल २ कोटींपर्यंत. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत. रोख विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरावा लागतो. एकूण उत्पन्न ५० लाखांवर नको. सोय चांगली आहे, यात शंका नाही.

गडबड होते ती वऱ्हाडात घरोघरी असलेल्या शेतीमुळे. दुकान शहरात आणि गावी वडिलोपार्जित पाच-सात एकर कापूस-तूर. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरे. पण ते ५,००० रुपयांवर गेले की फॉर्म चार चालत नाही, तीन भरावा लागतो. घाबरू नये, फॉर्म तीनमध्येही ४४ एडीचा नफा दाखवता येतो. त्याच वर्षी प्लॉट विकून नफा झाला असेल, तरी तीनच.

दुसरे आपले दलाल भाई. कापसाची असो वा कापडाची, दलाली आणि कमिशनला ४४ एडी लागूच नाही. त्यांना रोजकीर्द-खतावणी ठेवून फॉर्म तीन भरणे भाग आहे. भागीदारी पेढीतील भागीदारानेही आपले वैयक्तिक विवरणपत्र फॉर्म तीनमध्येच भरावे.

शिलाईचे जॉबवर्क करणाऱ्या कारागिरांच्या बिलातून व्यापारी १ टक्का टीडीएस कापतो. कमाई करपात्र नसली तरी ती रक्कम विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. मेहनतीचा पैसा आहे, सोडू नये. व्यापाऱ्याकडून फॉर्म १६ ए मागून घ्यावा आणि फॉर्म २६ एएसशी जुळवावा.

सोबत पोर्टलवरील एआयएस जरूर पाहावे. आपल्यातले बरेच जण बँकेचे व्याज स्वतः वापरत नाहीत, गरजूंना देऊन टाकतात. तरी ते एआयएसमध्ये दिसते आणि उत्पन्नात दाखवावेच लागते. विक्रीचा आकडा जीएसटीच्या विवरणपत्राशी जुळतो का, तेही पाहावे.

विम्याचा हप्ता, घरकर्ज यांची सूट हवी असेल तर जुनी करपद्धत घ्यावी लागते. धंदेवाल्यांना त्यासाठी मुदतीच्या आत फॉर्म १० आयईए वेगळा भरावा लागतो. हा फॉर्म हमखास राहून जातो.

चुकीचा फॉर्म भरल्यास कलम १३९(९) ची नोटीस येऊ शकते आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. दुरुस्ती झाली नाही तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाऊ शकते. मग बँकेत कर्जासाठी दाखवायचे काय? नोटीस ई-मेलवर आणि पोर्टलवर येते. पुष्कळांच्या खात्यावर मुनीमजींचा किंवा वकिलांचाच मोबाइल नंबर आणि ई-मेल असतो. तो बदलून आधी आपला टाकावा.