भाजी पचत नाही, की चावत नाही?

"अब्बांना आता भाजी पचत नाही, रस्साभातच वाढा." दाढा पडल्यापासून आमच्या घरात हा नियम झाला होता. केला होता मायेपोटीच. पण वर्षभरात त्यांचं पोट साफ होईना. एका पहाटे शौचाला जोर लावताना त्यांना चक्कर आली. रक्तदाबाचा त्रास आधीपासून होताच. डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात भाजी किती असते?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

भाजीतला तंतुमय भाग, म्हणजे चोथा, कुणालाच पूर्ण पचत नाही आणि तोच उपयोगी पडतो. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मळ मऊ राहतो. आतड्यातले उपयोगी जीवाणू त्याच्यावर जगतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळतं. भेंडीसारख्या भाजीतला बुळबुळीत तंतू पित्तातली आम्लं बरोबर घेऊन बाहेर पडतो. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. भाजीतलं पोटॅशियम जादा मीठ लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं, म्हणून रक्तदाबाला फायदा होतो.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते आणि मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी. यात बटाटा, रताळं धरत नाहीत. आपल्या चंदगडचं रताळं चांगलंच, पण ते भाताच्या वाट्यात मोजावं.

भाजीसाठी फार खर्चही नको. पावसाळ्यात टाकळा, कुरडू उगवतो. परसात अळू, शेवगा, दोडका असतो. दुधी तर प्यारे नबी (स.) आवडीने खात, असं हजरत अनस (रजि.) यांची रिवायत सांगते. आपणही गोश्तात दुधी घालतो, पण बुजुर्गांच्या ताटात रस्सा जातो आणि फोडी पातेल्यात राहतात. त्या फोडी मऊ शिजवून, चमच्याने कुस्करून वाढाव्यात. पालेभाजी बारीक चिरून डाळीत शिजवावी. दुधी मात्र कडू लागला तर टाकून द्यावा, तो विषारी ठरू शकतो.

प्रमाण हळूहळू वाढवावं, नाहीतर पोटात गॅस धरतो. बरोबर पाणीही हवं, कारण उतारवयात तहान कमी लागते. लोणचं-पापड कमी करावं. रमजानमध्ये सहरीलाही भाजी असू द्यावी.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोणती भाजी किती, हे आधी डॉक्टरांना विचारावं. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकाएकी वाढवू किंवा कमी करू नये. शौचातून रक्त पडलं किंवा पोटाची सवय अचानक बदलली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

अब्बा आता दोन्ही वेळा वाटीभर मऊ भाजी खातात. गोळ्या चालूच आहेत, पण सकाळचा त्रास बराच कमी झाला आहे. आज दस्तरखान पसरल्यावर आपल्या घरातल्या बुजुर्गांनाही एवढं विचारा: भाजी पचत नाही, की चावत नाही?