पैसे मोजले म्हणून चोरीचा माल आपला होत नाही

जुनी गिअरची सायकल ऑनलाइन विकायला काढली आणि अनोळखी नंबरावरून मेसेज आला : ‘ही सायकल माझी आहे. सोसायटीच्या पार्किंगमधून चोरीला गेली होती.’ यावर विकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर असतं : ‘मी रोख पैसे मोजून घेतलीय. चोरीची असेल तर चोराला जाऊन पकडा, माझा काय संबंध?’ चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय, की आता ते मुळापासून खोडून काढायलाच हवं. ते चुकीचं तर आहेच, शिवाय ते देणाऱ्यालाच गोत्यात आणणारं आहे.

मुख्य गैरसमज : प्रामाणिकपणे, पैसे देऊन घेतली म्हणजे वस्तू माझीच.

वस्तुस्थिती अशी, की १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम २७ याच्या नेमकं उलट सांगतं. विकणाऱ्याचा त्या वस्तूवर जेवढा हक्क असतो, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराचा हक्क शून्य. त्याने सायकल दुकानदाराला विकली, दुकानदाराने तुम्हाला, तुम्ही आणखी कुणाला. मालकी मात्र मूळ मालकाकडून हललेलीच नसते. तुमच्याकडे पावती आहे, तुम्ही बाजारभावाने पैसे दिलेत, तुमच्या मनात पाप नव्हतं, हे सगळं मान्य. या गोष्टी तुम्हाला गुन्हेगार ठरण्यापासून वाचवतात, मालक ठरवत नाहीत. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

‘पण मी लपूनछपून नाही घेतली, भर बाजारात दुकानातून घेतली,’ हा पुढचा युक्तिवाद. इंग्लंडमध्ये खरोखरच असा जुना नियम होता : ठरावीक खुल्या बाजारात, दिवसाउजेडी, चांगल्या हेतूने घेतलेल्या मालावर घेणाऱ्याची मालकी मानली जात असे. तिथेही तो १९९५ मध्ये रद्द झाला. आपल्या १९३० च्या कायद्याने तो कधी घेतलाच नव्हता. तेव्हा मुंबईच्या चोर बाजारात घ्या नाहीतर झगमगीत शोरूममध्ये, चोरीच्या मालाला कायदा एकच.

एक अपवाद समजून घ्यायला हवा. मूळ मालकाने फसवणुकीला बळी पडून वस्तू स्वतः विकली असेल, म्हणजे कुणी पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून ती नेली असेल, तर ती चोरीपेक्षा वेगळी गोष्ट. कलम २९ नुसार, मालकाने तो व्यवहार रद्द करण्याआधी तुम्ही ती वस्तू चांगल्या हेतूने आणि विकणाऱ्याच्या लबाडीची कल्पना नसताना घेतली असेल, तर तुमची मालकी टिकू शकते. पण हा वाद न्यायालयात मांडायचा असतो, चॅटवर भांडून जिंकायचा नसतो.

आता फौजदारी बाजू. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ सांगतं, की माल चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणं किंवा जवळ ठेवणं, याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. यातले ‘जवळ ठेवणं’ हे शब्द नीट वाचा. सायकल घेतली त्या दिवशी तुम्हाला काही माहीत नव्हतं, ठीक. पण समोरच्याने फ्रेम नंबर, बिल आणि एफआयआर दाखवल्यानंतर ‘मला काही कल्पना नाही’ म्हणायची सोय उरत नाही. त्यानंतर घाईघाईने ती दुसऱ्याला विकून टाकली, तर कालपर्यंत फसलेला ग्राहक असलेला माणूस आज स्वतःच्या हाताने आरोपीच्या रांगेत जाऊन उभा राहतो. ‘माझा काय संबंध’ हे उत्तर देऊ नका म्हणून जीव तोडून सांगतो, ते यासाठी.

याच्या उलट गैरसमज : कुणी ‘माझी आहे’ म्हटलं, की देऊन टाकून मोकळं व्हावं.

हेही नको. जाहिरातीतला फोटो पाहून ‘हीच माझी’ म्हणणारे भामटे असतात आणि ‘पोलिसात देईन’ या धमकीला घाबरून वस्तू देणारी भली माणसंही असतात. उद्या खरा मालक दारात आला तर त्याला काय देणार?

दावा तपासायची रीत सोपी आहे. सायकल उलटी करा. पेडलचा दांडा फ्रेममधून जिथे आरपार जातो, त्या नळीच्या खालच्या बाजूला सहसा नंबर ठोकलेला असतो. चिखल आणि ग्रीसचा थर बसलेला असतो, कापडाने पुसल्यावर आकडे दिसतात. हा नंबर जाहिरातीच्या फोटोत येत नाही, म्हणूनच तो कामाचा. तुम्ही तो सांगू नका. समोरच्याला सांगू द्या. मोबाइल असेल तर आयएमईआय, कॅमेरा असेल तर सीरियल नंबर. मूळ बिल मागा. फोटोत न दिसणारी एखादी खूण विचारा. खऱ्या मालकाला याचा राग येत नाही, उलट कुणीतरी ऐकून घेतंय म्हणून बरंच वाटतं.

एफआयआरची प्रत दाखवली तर तीही पडताळता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आदेश दिला, की संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा. पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि तारीख मागून घ्या आणि महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधा. एक लक्षात ठेवा : अनेकांकडे एफआयआर नसतो, फक्त ‘गहाळ’ झाल्याची नोंद असते. ती एफआयआर नव्हे, पण तेवढ्यावरून माणूस खोटारडा ठरत नाही. हरवलेली वस्तू सापडलेल्याने अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगाला लावली, तर तीही कायद्याच्या व्याख्येत चोरीचा मालच होते.

दावा खरा वाटला, तरी वस्तू रस्त्यावर किंवा हॉटेलात भेटून परस्पर देऊ नका. दोघांनी मिळून पोलीस ठाण्यात जा. वस्तू जप्त झाली तर पंचनाम्याची प्रत मागा. जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण आणि जप्त वस्तूंची साक्षीदारांच्या सह्यांनिशी यादी, दोन्ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आता बंधनकारक आहेत. मुद्देमाल कुणाला द्यायचा हे न्यायालय ठरवतं. तो ठाण्यात वर्षानुवर्षं गंजत ठेवू नये, फार तर पंधरा दिवस ते महिनाभर, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात बजावलं आहे.

मग तुमच्या पैशांचं काय? ते मूळ मालकाकडे मागायचे नाहीत, ज्याने तुम्हाला वस्तू विकली त्याच्याकडे मागायचे. ‘ही वस्तू विकायचा मला हक्क आहे’ ही अट प्रत्येक विक्रीत न बोलता गृहीत असते, असं वस्तू विक्री कायद्याचं कलम १४ म्हणतं. शिवाय तुम्हाला वस्तू विकणाऱ्यावरच चोरीचा किंवा चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा शाबीत झाला आणि अटकेच्या वेळी त्याच्याकडे रोकड सापडली असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९९ खाली, माल मूळ मालकाला परत मिळाल्यावर, त्या रकमेतून तुम्ही दिलेल्या किमतीपर्यंत पैसे मिळवण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. यासाठीच जुनी चॅट, यूपीआयची नोंद आणि विकणाऱ्याचा नंबर सांभाळून ठेवायचा. रोखीने, नाव-गाव न विचारता केलेल्या व्यवहारात हा धागा पहिल्याच गाठीला तुटतो.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*‘पोलिसांकडे गेलो तर मलाच आत टाकतील.’* सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयात अर्णेश कुमार प्रकरणात २०१४ मध्येच ठरलं. कागद घेऊन आपणहून गेलेल्या माणसाची बाजू नेहमीच भक्कम असते.

*‘जाहिरात काढली की प्रकरण मिटलं.’* समोरच्याने स्क्रीनशॉट कधीच काढलेला असतो. विक्री थांबवा, पण जाहिरात आणि मेसेज जपून ठेवा.

*‘फोन फॉरमॅट केला की ओळख पुसली जाते.’* आयएमईआय तसाच राहतो. *#०६# डायल करून तो पाहा आणि इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो १५ अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर कळेल. आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा आहे.

*‘चोरीला चार वर्षं झाली, आता त्याचा हक्क संपला.’* वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षं आहे खरी, पण ती वस्तू कुणाकडे आहे हे मालकाला पहिल्यांदा कळतं, त्या दिवसापासून मोजली जाते.

*‘माल चोरीचा नाही, असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय.’* त्या कागदाने तुमचा हेतू स्वच्छ होता हे दाखवता येईल. चोराला मालक करण्याची ताकद कुठल्याच स्टॅम्पमध्ये नाही.

एवढं सगळं टाळायचं असेल तर जुनी वस्तू घेतानाच मूळ बिल मागा, नंबर बिलाशी जुळवा, पैसे खात्यावर पाठवा. विकताना तेच बिल पुढच्याच्या हातात द्या. जो विक्रेता बिलाचं नाव काढताच चिडतो, त्याच्याकडून कितीही स्वस्त मिळाली तरी वस्तू घेऊ नका.