टाकलेली गळसरी, उचललेली चप्पल

कोकण रेल्वेने वीरला उतरलेले पाहुणे बहुधा महाडच्या चवदार तळ्याकडे निघतात. मार्च १९२७चा पाण्याचा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच वर्षी डिसेंबरात याच गावात कपड्यालत्त्याबद्दल जे घडलं, त्याची आठवण मात्र कमी जण काढतात. फॅशन कशी चालते हे समजून घ्यायला मला तरी त्याहून चांगला धडा सापडलेला नाही.

मनुस्मृती जाळली ती परिषद. तिथे डॉ. आंबेडकर बायकांशी लुगड्या-दागिन्यांवर बोलले. वर खोचलेलं लुगडं, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत चढवलेले चांदी-कथलाचे अलंकार, या सगळ्यांवरून बाईची जात लांबूनच ओळखू यायची. ते उतरवा, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ हवं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदललं!

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग सिमेल याने १९०४ साली मांडलं होतं की खालचे थर वरच्यांचं पाहून कपडे घालतात आणि ते तिथवर पोचले की वरचे पुढे सरकतात. महाडच्या बायका वरकरणी तेच करत होत्या. पण त्यांना मिरवायचं नव्हतं, अंगावरचा शिक्का पुसायचा होता. सिमेलच्या शिडीत हा हेतू बसत नाही.

खरी गंमत पुढे आहे. तशाच जडशीळ, काळपट चांदीच्या दागिन्यांना आज शहरातल्या बुटीकमध्ये ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून भाव मिळतो. ज्यांच्यावर शिक्का बसण्याची भीती नाही, त्यांना ते हौसेने घालता येतात.

खालून उचललेलं वर जाऊन मिरवतं, हे जगभर चालतं. १९६० साली फॅशन डिझायनर ईव्ह सँ लॉराँ याने पॅरिसमधल्या बीटनिक, म्हणजे रूढी झुगारणाऱ्या, पोरांची काळी जाकिटं डिओर या उंची फॅशन हाउसच्या मंचावर आणली, तीही मगरीच्या कातड्याची, मिंकच्या फरची किनार लावून! गिऱ्हाइकं हादरली. पुढे पंक संगीताच्या विद्रोही चाहत्यांची सेफ्टी पिनही अशीच वर चढली.

आपल्याकडे हा प्रवास कोल्हापुरी चपलेने केला. म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायचं, थरावर थर ठेवून तळ ठोकायचा, कातड्याच्याच वादीने शिवायचा; खिळा लागत नाही. दोन बाजूंना कान, वर बारीक वेणी. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चर्मकार समाजाने केलं, आणि त्याच कातडीकामापायी गावाने त्याला वेशीबाहेर ठेवलं. सत्तरच्या दशकात भारतात आलेल्या हिप्पींनी ही चप्पल पायात घातली आणि ती परदेशी गेली. विद्रोही पोरांची खूण म्हणून ती खपली.

जून २०२५मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये अगदी तशाच चपला दिसल्या. ओळख एवढीच करून दिली होती: चामड्याची सँडल. कोल्हापूरचं नाव नाही, कारागिरांचं तर नाहीच. २०१९पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. इथे ओरड झाल्यावर प्राडाने प्रेरणा भारतीय असल्याचं कबूल केलं. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका फेटाळली गेली, पण डिसेंबरात प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्यानुसार २००० जोड इथेच बनवायचं ठरलं, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो.

प्रेरणा घेतल्याबद्दल माझी तक्रार नाही; घेतल्याशिवाय फॅशन एक हंगामही तगणार नाही. मला बघायचंय ते एवढंच, की त्या ८०० युरोंतले किती, कातडं कापायची रापी धरणाऱ्या हातात पडतात.